मंडळीच्या जमाखर्चाबद्दल बाईने विचारलं तर शास्त्र मोडतं का?

कडुलिंबाचीसावली (धागाकर्ती)

येशूच्या नावात सलाम. जे आमच्यातले नाहीत त्यांना नमस्कार.

नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमची मंडळी, म्हणजे चर्च, आहे. नाव लिहीत नाही; गाव लहान आहे आणि मला पुढच्या रविवारीही तिथेच बसायचंय. मध्यंतरी वार्षिक सभा झाली. खजिनदारांनी जमाखर्च वाचला, म्हणजे एकूण जमा आणि एकूण खर्च सांगून वही मिटली. आमच्यातल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका उठल्या. नोकरीभर शाळेचे हिशेब ठेवलेली बाई. त्यांनी एवढंच विचारलं, की हंगामाच्या सणातल्या लिलावाचे पैसे छपरासाठी बाजूला ठेवायचं ठरलं होतं, ते कुठे दिसतायत? पंचांपैकी एक ज्येष्ठ गृहस्थ बसल्या जागेवरून म्हणाले, "बाई, पौल विसरलात वाटतं. स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं." (पौल म्हणजे बायबलमधली बरीच पत्रं लिहिणारा प्रेषित.) हशा पिकला. बाई खाली बसल्या. जमाखर्च मंजूर.

हसणाऱ्यांत बायकाही होत्या, हे लिहिलं नाही तर खोटं होईल.

हेच गृहस्थ महिला रविवारी व्यासपीठावर शाली देतात आणि "आमच्या भगिनी मंडळीचा कणा आहेत" असं दरवर्षी म्हणतात. ते मनापासून म्हणत असावेत. म्हणूनच मला कळेना, की मंडळीत बाईला मान देणं म्हणजे शास्त्राप्रमाणे नेमकं काय करणं? जाणकारांनी सांगावं. फक्त "बायबल स्त्रियांचा आदर करतं" एवढ्यावर थांबू नका, ते आमच्या भिंतीवर रंगवलेलं आहे.

बिनघाईचा

प्रीतिभोजनाच्या दिवशी भाताच्या पातेल्याजवळ बायकांना कुणी गप्प बसवल्याचं ऐकिवात नाही. तिथे "बाई, जरा मीठ बघा" असतं. पौलाची हद्द स्वयंपाकाच्या मांडवाअलीकडेच संपते बहुतेक.

निवृत्त_पाळक

सलाम बेटा. मी नोकरीभर याच भागात मंडळ्या सांभाळल्या, त्यामुळे तुमची सभा मला न बघता दिसली.

त्या गृहस्थांनी जे वचन फेकलं ते १ करिंथ १४:३४, म्हणजे पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं. आधी तेच पत्र थोडं मागे उलटायचं. ११व्या अध्यायात पौल चर्चा कसली करतो? स्त्री प्रार्थना करते, संदेश देते, तेव्हा तिने मस्तक झाकलेलं असावं की नाही. म्हणजे ती बोलते हे त्याने धरूनच चाललंय. वाद पदराचा आहे, तोंडाचा नाही. मग तोच माणूस तीन अध्यायांनंतर सरसकट तोंड बंद करायला सांगेल का? यावर अभ्यासकांचं एकमत नाही. काही जुन्या हस्तलिखितांत ही दोन वचनं अध्यायाच्या अगदी शेवटी येतात, म्हणून ती मूळची नाहीत असंही काहीजण म्हणतात. मी तिथवर जात नाही. मजकूर आपल्या हातात आहे तसाच घ्या. त्या एका अध्यायात तिघांना गप्प राहायला सांगितलंय. अन्य भाषेत बोलणारा, अर्थ सांगणारा कुणी नसेल तर (वचन २८). संदेश देणारा, शेजारी बसलेल्याला काही प्रकट झालं तर (३०). आणि मग स्त्रिया. पहिल्या दोन वचनांनी सभेत कुणाला खाली बसवलेलं मी कधी पाहिलं नाही, आणि आमच्याकडे लांब बोलणारे पुरुष काही कमी नव्हते. सगळा अध्यायच एकाच वेळी बोलणाऱ्यांच्या गोंधळाबद्दल आहे, आणि तो संपतो ‘सर्व काही शिस्तवार होऊ द्या’ यावर. एका बाईने उभं राहून एका रकमेबद्दल विचारणं यात गोंधळ कुठला?

आता पौलच हवा असेल तर पंचांनी २ करिंथचा ८वा अध्यायही वाचावा. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी जमत होती. ती पोचवायला पौल तीताला पाठवतो, पण एकट्याला नाही. मंडळ्यांनी निवडलेला आणखी एक जण बरोबर देतो. कारणही लिहितो: एवढ्या मोठ्या रकमेच्या कारभारात आम्हाला कुणी दोष लावू नये, प्रभूपुढे तर नीट असावंच पण माणसांपुढेही असावं. कुणी विचारायच्या आधी त्याने हिशेबाची सोय केली. तुमच्या खजिनदारांना विचारल्यावरही जमलं नाही.

आणि हशाबद्दल. १ तीमथ्य ५व्या अध्यायाच्या सुरुवातीला, वडील बायकांशी आईशी बोलावं तसं आणि तरुण मुलींशी बहिणीशी बोलावं तसं, पूर्ण शुद्ध मनाने बोल, असा हुकूम आहे. हे लिहिलंय मंडळीच्या पुढाऱ्याला, बायकांना नाही. भर सभेत आईला हशाचा विषय करणारा मुलगा गावात काय नावाने ओळखला जातो ते मी लिहीत नाही.

नवीद्राक्षवेल

प्रेझ द लॉर्ड ताई. मी पेंटेकॉस्टल फेलोशिपमध्ये आहे. आधी स्पष्ट सांगतो, जे झालं ते वाईट झालं, त्या भावाने बाईंची माफी मागायला हवी.

पण पाळककाका, तुम्ही १ तीमथ्य २:१२ ला हातच लावला नाहीत. तिथे पौल स्त्रीने शिकवू नये, पुरुषावर अधिकार चालवू नये म्हणतो, आणि कारण करिंथातल्या गोंधळाचं देत नाही. आदाम आधी निर्माण झाला, मग हव्वा, असं देतो. म्हणजे ही उत्पत्तीपासूनची व्यवस्था आहे. प्रभूने निवडलेले बाराही प्रेषित पुरुष होते. मान आणि पद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्याकडे वचन फक्त ब्रदर्स सांगतात, तरी सिस्टर्सना खूप मान आहे. पास्टरांनी नियमच केलाय की कुठलाही ब्रदर एकट्या सिस्टरच्या घरी प्रार्थनेला जाणार नाही. हा आदर नाही का?

अंजिराचंझाड

नवीद्राक्षवेल, ते बाराही जण यहूदी होते. म्हणून नगरच्या किंवा नाशिकच्या माणसाने पास्टर होऊ नये असं कुणी म्हणत नाही.

मी संडे स्कूलमध्ये शिकवते, तेव्हा मुलांना सांगते तसंच सांगते. लूकच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्राचा, ८वा अध्याय काढा, पहिली तीन वचनं. येशू गावोगाव फिरतोय, बरोबर बारा जण आहेत आणि काही बायका आहेत. मग्दालीया मरीया, सुसान्ना, आणि योहान्ना. ही योहान्ना कोण? हेरोदाचा कारभारी खुजा, त्याची बायको. या बायका आणि आणखी पुष्कळ जणी आपल्या पैशातून त्यांची सेवा करत होत्या. तेरा पुरुषांचं रोजचं जेवणखाण, मुक्काम, याचा खर्च कुठून निघायचा याबद्दल शुभवर्तमानात फार थोडं लिहिलंय, आणि जे लिहिलंय त्यात नावं बायकांची आहेत. राजाच्या कारभाऱ्याच्या घरात राहिलेल्या बाईला जमाखर्च कळत नसेल का?

आता पैशांची पेटी कुणाकडे होती? यहूदा इस्कर्योताकडे, पुढे प्रभूला धरून देणारा तोच. योहान १२:६ मध्ये स्वच्छ लिहिलंय की पेटी त्याच्याजवळ असे आणि तीत टाकलेलं तो चोरत असे. हे वाक्य येतं कुठे ते बघा. बेथानीच्या मरीयेने प्रभूच्या पायांना महागडं सुगंधी तेल लावलं, तेव्हा "हे तीनशे दिनारांना विकून गरिबांना का दिलं नाही?" असं विचारणारा हाच गृहस्थ. तीनशे दिनार म्हणजे मजुराची जवळपास वर्षभराची मजुरी. बाईने स्वतःचं काय खर्च केलं त्याचा हिशेब त्याला भर पंगतीत हवा होता, आणि आपल्या हातातल्या पेटीचा मात्र नको. प्रभूने त्याला सांगितलं, तिला राहू दे.

कडुलिंबताई, तुमच्या खजिनदारांवर मी काही आरोप करत नाही, देव तसं न करो. मी एवढंच म्हणते की बायकांनी घालायचं आणि पुरुषांनी सांभाळायचं ही रीत शुभवर्तमानात आहे, आणि तिचं पुढे काय झालं तेही तिथेच आहे.

एकटीच्या घरी न जाण्याचा नियम ठीक आहे. पण मग आमच्या वस्तीतल्या विधवा आजींकडे महिनोन्‌महिने कुणीच का फिरकत नाही? ब्रदर एकटा जायचा नाही, आणि सिस्टर्सना कुणी ही सेवा दिलेलीच नाही. नियमाने ब्रदरचं नाव राखलं. आजींना काय मिळालं?

निवृत्त_पाळक

अंजिराचंझाड, हे मी व्यासपीठावरून कधी इतकं नीट सांगितलं नव्हतं.

नवीद्राक्षवेल, तुझा प्रश्न खरा आहे, त्याला बगल देत नाही. १ तीमथ्य २ अवघड आहे. ती आज्ञा सर्व काळासाठी आहे असं मानणाऱ्या मोठमोठ्या मंडळ्या आहेत, आणि ती इफिस शहरातल्या मंडळीत शिरलेल्या खोट्या शिक्षणाच्या संदर्भातली आहे असं मानणाऱ्याही आहेत. मी दुसऱ्या बाजूचा. उत्तर भारतातली आपली मंडळी, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), १९७० मध्ये नागपूरला एकत्र आली, आणि तीत आज स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळते. पण तू पहिल्या बाजूचा असलास तरी दोन गोष्टी लक्षात घे. ज्या तीमथ्याला हे पत्र लिहिलंय त्याचा विश्वास आला कुठून? आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून, असं पौलच दुसऱ्या पत्रात नावं घेऊन लिहितो. आणि अपुल्लोस, एवढा वक्ता, शास्त्रात निष्णात, त्याला प्रिस्किल्ला आणि अक्विला यांनी जवळ घेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावला (कृत्ये १८:२६). तिथे बायकोचं नाव आधी आहे. रोमकरांस पत्राचा १६वा अध्याय तर एकदा सावकाश वाच. आपण तो "नुसते सलाम आहेत" म्हणून सोडून देतो. फिबी, प्रिस्का, मरीया, युनिया, त्रुफैना, त्रुफोसा, पर्सिस. कुणी पौलासाठी मान पुढे केलीय, कुणी त्याच्याबरोबर कैदेत राहिलीय. पौल त्यांना शाल देत नाही. त्यांनी काय काम केलं ते मंडळीपुढे लिहून ठेवतो. फिबीबद्दल तर रोमच्या लोकांना सांगतो, की तिला ज्या ज्या कामात तुमची गरज लागेल त्यात तिला मदत करा.

घरोघर जाण्याबद्दल: मिशनच्या काळात आपल्याकडे बायबलबाया होत्या. ज्या घरांत परका पुरुष पाऊल ठेवू शकत नव्हता तिथे त्या जात, वाचायला शिकवत, आजारपण बघत. पगार तुटपुंजा, नाव कुठे नाही. पण मंडळीने नेमलेल्या होत्या. ती नेमणूक बंद पडली आणि तिच्या जागी आपण नियम आणले.

वसईची_लेक

आमच्या कॅथलिक लोकांत प्रश्न जरा वेगळा बसतो. धर्मगुरूपद बायकांना नाही, त्यावर चर्चाच नाही. बाकीचं हळूहळू उघडत आलंय. मुलींना वेदीसेवक, म्हणजे उपासनेत वेदीजवळ धर्मगुरूंना मदत करणाऱ्या, होता येतं १९९४ पासून. पवित्र गुरुवारी पाय धुण्याच्या विधीत बायका अधिकृतपणे आल्या २०१६ मध्ये. त्याच वर्षी मग्दालीया मरीयेचा २२ जुलैचा दिवस प्रेषितांच्या सणांच्या बरोबरीला आणला. तिला पापी स्त्री ठरवायचं काम ५९१च्या सुमाराच्या पोप ग्रेगरींच्या एका प्रवचनाने केलं होतं. शुभवर्तमानात तसं कुठेही नाही. पुनरुत्थानाची बातमी सगळ्यात आधी सांगणारी बाई चौदाशे वर्षं चित्रांत केस मोकळे सोडून रडत होती. वाचक आणि वेदीसेवक ही पदं रीतसर बायकांना मिळाली २०२१ मध्ये. आता यातली गंमत अशी की आमच्या धर्मग्रामात मिस्साची (उपासनेतली) वाचनं बायका माझ्या लहानपणापासून करतायत. काम आधी, पद मागून.

कागदावर आमचं उत्तम आहे. भारतातल्या कॅथलिक बिशपांनी २०१० मध्ये स्त्री-पुरुष समानतेचं धोरण काढलं, असं धोरण असलेली चर्चेस जगात थोडीच असतील. आमच्या पॅरिश कौन्सिलमध्ये मी एक मुदत होते तेव्हा ते किती जणांनी वाचलंय विचारलं होतं. फादर हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले.

सिस्टरांबद्दल, म्हणजे आमच्या व्रतस्थ धर्मभगिनींबद्दल, कुणी बोलत नाही म्हणून लिहिते. २०१८ मध्ये व्हॅटिकनच्या वृत्तपत्राच्या महिला पुरवणीत लेख आला होता, की कित्येक सिस्टर्स बिशपांच्या आणि कार्डिनलांच्या घरी रांधायचं, वाढायचं, इस्त्री करायचं काम करतात, करार नाही, पगार नाही किंवा नावापुरता. त्यातल्या काही चांगल्या शिकलेल्या. पुढच्या वर्षी पोप फ्रान्सिस यांनी विमानातल्या पत्रकार परिषदेत मान्य केलं की सिस्टरांचं लैंगिक शोषणही झालंय, धर्मगुरूंकडून आणि बिशपांकडूनही. मला हे वाचून धक्का बसला नाही. आमच्या एका मावशी सिस्टर होत्या.

पोथीशोध

मी ख्रिस्ती नाही, इतिहासाचा वाचक आहे. धागा वाचून पंडिता रमाबाईंची गोष्ट आठवली, इथे बहुतेकांना माहीत असेल तरी लिहितो.

१८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावर त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकत होत्या, शिकवतही होत्या. १८८५ मध्ये असा विचार निघाला की भारतात जायच्या तयारीतल्या इंग्रज तरुणांना त्यांनी शिकवावं. हिंदुस्थानातल्या बिशपांपर्यंत हे गेलं आणि तिकडून विरोध आला: बाईने पुरुषांना शिकवणं बरं दिसणार नाही, तिच्याच देशात तिची पत जाईल. रमाबाईंचं पत्रातलं उत्तर त्यांच्या खास पद्धतीचं आहे. मतितार्थ असा, की माझ्या आईने आणि मी तरुण पुरुषांना शिकवलं तेव्हा माझ्या वडिलांनी हरकत घेतली नाही, माझ्या नवऱ्याने घेतली नाही, आणि इंग्रज लोक घेतायत याचं मला नवल वाटतं.

याला मागचा इतिहास आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना पंडितांच्या सभेपुढे शास्त्राधारे आपली बाजू मांडावी लागली होती. एका धर्मातल्या पंडितांना तोंड देऊन आलेल्या घरातली मुलगी दुसऱ्या धर्मातल्या बिशपांपुढे मान खाली घालेल ही अपेक्षाच चुकीची होती. ज्या सिस्टर त्यांच्या धर्ममाता होत्या त्यांच्याशीही त्यांचा पत्रांतून लांबलचक वाद झाला. त्यात त्यांनी सरळ लिहिलंय की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटले आहे, लगेच तसल्याच दुसऱ्याखाली मान द्यायची माझी तयारी नाही. आणि तरी त्यांनी ख्रिस्त सोडला नाही. केडगावच्या मुक्ती या आपल्या आश्रमात बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, ते १९२४ मध्ये छापून आलं. खिळे जुळवणं, छपाई, हे काम मुक्तीतल्या बायकांनी केलं.

"स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं" हे वचन म्हणजे एका मराठी बाईने स्वतः भाषांतर करून, बायकांकडून छापून घेतलेलं आहे. तुमच्या पंचांना हे कुणीतरी सांगा.

बिनघाईचा

पोथीशोध, शेवटच्या ओळींसाठी +१००. त्या पंचांच्या चहात साखर कमी पडू दे एवढीच माझी प्रार्थना.

जुनाकारभारी

मी स्वतः एका मंडळीत बरीच वर्षं पंच आहे, त्यामुळे इथे शिव्या खाणार हे धरून लिहितो.

वार्षिक सभेत उठून विचारणं हा प्रत्येक वेळी निरागस प्रश्न नसतो. गटबाजी असते. आधी घरी येऊन विचारलं असतं तर वही दाखवली असती. खजिनदार बिनपगारी काम करतो, रात्री जागून पावत्या लावतो. चारचौघांत विचारलं की त्याची इज्जत जाते. प्रश्न बाईने विचारला की बुवाने, हा मुद्दा गौण आहे. उगाच सगळं स्त्री-पुरुषावर नेऊ नका.

कडुलिंबाचीसावली

कारभारीकाका, शिव्या नाही घालत. पण मग दोन वर्षांपूर्वी एका डॉक्टरसाहेबांनी याच सभेत वीजबिलाबद्दल विचारलं होतं, तेव्हा त्यांना पौल का नाही ऐकवला? खजिनदार उठून पावती घेऊन आले होते. तेव्हा त्यांची इज्जत गेली नाही. मुद्दा गौण असता तर दोघांना एकच उत्तर मिळालं असतं.

आणि मुख्याध्यापिका बाईही बिनपगारीच काम करतात. लिलावातल्या निम्म्या भाज्या त्यांच्या परसातल्या होत्या.

काळाकोट

वकिली करते, म्हणून कायद्यापुरतं.

मंडळीची मालमत्ता ट्रस्टच्या नावे असेल, बहुतेक ठिकाणी असते, तर तो सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असणार. अशा न्यासाला हिशेब ठेवणं आणि ते तपासून घेणं कायद्यानेच बंधनकारक आहे. जुनाकारभारी, खजिनदार घरी वही दाखवतो हा त्याचा चांगुलपणा झाला. सभेपुढे उत्तर देणं ही जबाबदारी आहे. दोन्हींत फरक आहे.

वसईची_लेक यांनी जो विषय काढला त्याबद्दल. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा ट्रस्ट आणि सोसायट्यांच्या शाळा, दवाखाने, वसतिगृहं यांना लागू आहे, त्यावर मिशनची पाटी असली तरी. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती हवी, अध्यक्ष बाई हवी, निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत, एक सदस्य बाहेरची व्यक्ती हवी. त्याहून लहान जागा असेल, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत करायची. महत्त्वाचं म्हणजे या कायद्यात बिनपगारी, स्वेच्छेने काम करणारी बाईही कर्मचारी धरली जाते. निव्वळ उपासनेच्या जागेला कायदा कितपत लागू, यावर वाद होऊ शकतो. पण मंडळीला स्वतःहून अशी समिती नेमायला कुणी अडवलेलं नाही. "आपसांत मिटवू, प्रार्थना करू" हे जिथे पहिलं उत्तर असतं, तिथे बाई दुसऱ्यांदा येत नाही.

अवांतर: ख्रिस्ती बाईला घटस्फोट हवा असेल तर १८६९च्या कायद्याप्रमाणे नवऱ्याचा नुसता व्यभिचार पुरत नसे, सोबत क्रूरता किंवा सोडून जाणं वगैरे सिद्ध करावं लागे. नवऱ्याला मात्र बायकोचा व्यभिचार पुरत असे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ मध्ये यावर निकाल दिला आणि संसदेने २००१ मध्ये कायदा बदलला. एकशे बत्तीस वर्षं. त्यातली बरीच वर्षं महिला रविवार साजरे होत होते.

नवीद्राक्षवेल

अंजिराचंझाड ताई, आजींचं खरं आहे. आमच्याकडेही अशा आहेत. मी शिकवण्याबद्दलचं माझं मत सोडलेलं नाही, पौलाने दिलेलं कारण मला अजून अडवतं. पण हिशेब विचारणं म्हणजे अधिकार चालवणं नाही, हे मान्य. माझ्या मताच्या कुणीही १ तीमथ्य २ चा असा वापर करू नये.

आणि पेटीचं मी कधी असं वाचलं नव्हतं. आमच्याकडे दशांश (कमाईच्या दहाव्या भागाचं अर्पण) मोजायला दर रविवारी तीन ब्रदर्स बसतात. का तीनही ब्रदर्स, याला माझ्याकडे वचन नाही.

लेस्टरकर

इथे इंग्लंडमध्ये अँग्लिकन चर्चमध्ये बायकांना धर्मगुरू होता आलं १९९४ पासून, पहिली बिशप २०१५ मध्ये. कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी सारा मलाली यांचं नाव २०२५च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर झालं. त्या आधी नर्स होत्या, इंग्लंडच्या मुख्य नर्सिंग अधिकारी होत्या. आपल्याकडे दक्षिण भारतातल्या चर्चने पुष्पा ललिता यांना नंद्यालच्या बिशप केलं २०१३ मध्ये, म्हणजे इंग्लंडच्याही आधी. हे इथल्या लोकांना सांगितलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

पण आमच्या चर्चमध्ये व्हिकर, म्हणजे धर्मगुरू, बाई आहेत, आणि उपासनेनंतरच्या चहाच्या यादीत अजून सगळी नावं बायकांचीच. पद आलं म्हणून बाकीचं आपोआप येत नाही. उलट बाजूही आहे: व्हिकरबाईंच्या कपड्यांवर, केसांवर, आवाजावर जेवढं बोललं जातं तेवढं आधीच्या पुरुष व्हिकरांच्या प्रवचनांवरही कुणी बोललं नव्हतं, आणि ती प्रवचनं खरोखर वाईट होती.

अंजिराचंझाड

नवीद्राक्षवेल, तू परत येऊन लिहिलंस याचा आनंद झाला.

लूक १३ राहिलंच होतं. अठरा वर्षं कमरेत वाकलेली बाई शब्बाथाच्या दिवशी सभास्थानात येते. ती काही मागत नाही. येशू शिकवता शिकवता थांबतो, तिला हाक मारून पुढे बोलावतो आणि सगळ्यांच्या देखत सरळ उभी करतो. सभास्थानाच्या अधिकाऱ्याला राग येतो येशूचा, पण तो ओरडतो कुणावर? लोकांवर. सहा दिवस आहेत कामाचे, तेव्हा येऊन बरे व्हा. बरं करणाऱ्याशी थेट बोलायची हिंमत नाही. येशू मात्र थेट त्यालाच उत्तर देतो आणि तिला ‘अब्राहामाची कन्या’ म्हणतो, म्हणजे इथल्या वारशात तुझ्याइतकाच तिचा हक्क आहे. शेवटी लूक लिहितो की विरोधक फजीत झाले आणि लोकांना आनंद झाला. कडुलिंबताई, तुमच्या सभेत हशा उलट्या बाजूने पिकला.

जुनाकारभारी

कडुलिंबाचीसावली, वीजबिलाच्या गोष्टीला माझ्याकडे उत्तर नाही. आमच्या पुढच्या सभेत जमाखर्चाच्या छापील प्रती आधी वाटायचं सुचवून बघतो. खजिनदार माझा व्याही आहे, तेव्हा बघू.

कडुलिंबाचीसावली

सगळ्यांचे आभार. थोडं पुढे सरकलंय ते सांगते.

मुख्याध्यापिका बाईंना मी हा धागा वाचून दाखवला. योहान्नावर त्या बराच वेळ बोलल्या, रमाबाईंचं त्यांना माहीत होतं. माफीबिफी नको म्हणाल्या, "मला छपराचे पैसे कुठे आहेत ते हवंय, ते सांगितलं की माझा मान झाला." आता भगिनी मंडळातल्या काहीजणी मिळून लेखी अर्ज देतोय. हसणाऱ्यांतल्या दोघींनीही सही केली, त्यातली एक त्या पंचांची सून आहे. तिच्या घरी सध्या काय वातावरण असेल देव जाणे. पाळकसाहेब अर्ज घेतो म्हणालेत, पण "तोंडी मिटतंय का बघू" हेही म्हणालेत.

निवृत्त पाळककाका, २ करिंथ ८ चा उल्लेख अर्जात करावा का? की ते चिडतील?

निवृत्त_पाळक

करू नका. अर्जात फक्त रक्कम, तारीख आणि ठराव लिहा. वचन लिहिलंत की ते वचनावर वाद घालतील आणि छप्पर बाजूला राहील. वचन मी सांगेन. तुमच्या पाळकसाहेबांना मी ओळखत असण्याची बरीच शक्यता आहे, फोन करतो.

काळाकोट

काकांशी सहमत. अर्ज दोन प्रतींत द्या, दुसरीवर पोच घ्या. शिक्का नसेल तर सही आणि तारीख चालते. उत्तर किती दिवसांत हवं ते स्पष्ट लिहा, "लवकरात लवकर" लिहू नका. ज्या सभेत लिलावाचे पैसे बाजूला ठेवायचं ठरलं तिच्या इतिवृत्ताची नक्कल त्याच अर्जात मागा. आणि त्या सुनेची सही पहिल्या नंबरवर असेल तर ती खाली घ्या, बाईंची वर.